घोंगडें आणि काउबॉयची टोपी



गेल्या हिवाळ्यांत माझ्या नातवाच्या शाळेचें स्नेहसंमेलन झालें. त्यांतील वेषभूषेच्या स्पर्धेसाठीं स्वारी अमेरिकन काउबॉय झाली होती. डोक्यावर रुंद कांठाची टोपी, गळ्यांत लाल रुमाल, गुडघ्याला टेकणारे बूट, कमरेला दोराचें वेटोळें असा सगळा थाट होता. बक्षीसही मिळालें. रात्रीं ती टोपी उशाशीं घेऊन निजतांना त्यानें मला विचारलें, "आबा, हिचा कांठ एवढा रुंद कां?" मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत माझीं सदतीस वर्षें गेलेलीं. मीं सांगितलें, "ऊन लागूं नये म्हणून." त्याचें समाधान झालें. माझें मात्र झालें नाहीं. कारण ज्या पलंगावर तो निजला होता, त्यावर एक काळें घोंगडें अंथरलेलें होतें. त्या घोंगड्याविषयीं त्यानें मला कधीं कांहीं विचारलें नव्हतें, आणि मींही त्याला कधीं कांहीं सांगितलें नव्हतें.

सात समुद्रांपलीकडच्या गुराख्याचा पोशाख आमच्या मुलांना तोंडपाठ असावा, आणि आपल्याच शिवारांतून मेंढरें हांकीत जाणाऱ्या धनगराचा पोशाख त्यांना केवळ गांवठी वाटावा, हें कांहीं बरें नव्हे. म्हणून आज या दोन पोशाखांविषयीं चार शब्द बोलणार आहें. मी प्राथमिक शाळेंतला निवृत्त मास्तर. मॅट्रिकपुढें कॉलेजची पायरी चढलों नाहीं, तेव्हां विद्वत्तेचा दावा नाहीं. पाहिलेलें व वाचलेलें तेवढें सांगतों.

सुरुवात पाहुण्यापासून करूं. काउबॉय आपल्याला सिनेमानें दिला, आणि सिनेमांतला काउबॉय सदा पिस्तूल रोखून उभा असतो. खरा काउबॉय हा पगारी गुराखी होता. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्या वेळीं टेक्सास प्रांतांत मोकाट गुरें उदंड होतीं, आणि उत्तरेकडील शहरांत त्यांना चांगली किंमत येत होती. मधल्या प्रदेशांत आगगाडी नव्हती. म्हणून दोन-दोन, तीन-तीन हजार गुरांचे कळप डझनभर माणसांनीं शेंकडों मैल हांकीत कॅन्ससमधील स्टेशनांपर्यंत न्यावयाचे, असा हा धंदा उभा राहिला. दिवसाची मजल दहा-पंधरा मैलांची, आणि प्रवास दोन-तीन महिन्यांचा. ही विद्याही अमेरिकन लोकांची स्वतःची नव्हे. ती त्यांनीं मेक्सिकोंतील गुराख्यांकडून घेतली. स्पॅनिश भाषेंत गाईला 'वाका' म्हणतात, त्यावरून गुराखी तो 'वाकेरो'. गुरें घेरून एकत्र आणणें याला 'रोदेआर' म्हणतात, त्यावरूनच आजचा 'रोडिओ' हा शब्द आला. काउबॉयांमध्यें मेक्सिकन लोक व गुलामगिरींतून सुटलेले काळे लोकही पुष्कळ होते. जुन्या सिनेमांत ते फारसे दिसत नाहींत, एवढेंच.

आतां त्याच्या अंगावरच्या वस्तु पाहूं. जॉन स्टेट्सन नांवाच्या गृहस्थानें १८६५ सालीं फिलाडेल्फिया शहरांत टोप्यांचा कारखाना काढला, आणि त्याची रुंद कांठाची, लोंकर दाबून केल्यासारख्या जाड फेल्टची टोपी सगळ्या गुराख्यांच्या डोक्यावर चढली. ऊन आणि पाऊस तर ती अडवीच, पण वेळप्रसंगीं घोड्याला तिच्यांतून पाणी पाजतां येई, चूल फुंकतां येई, आणि दूरच्या साथीदाराला खूणही करतां येई. बुटाचें टोंक निमुळतें, तें रिकिबींत पाय चटकन शिरावा म्हणून. टांच उंच, ती पाय रिकिबींतून आरपार जाऊं नये म्हणून. कारण घोड्यावरून पडलेल्या माणसाचा पाय रिकिबींत अडकला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. कांटेरी झुडपांतून दौडतांना मांड्या सोलवटूं नयेत म्हणून तो विजारीवरून चामड्याचे पाय चढवी. कळपाच्या मागें चालणाऱ्याच्या नाकातोंडांत धुरळा जाई, म्हणून गळ्यांतला रुमाल नाकावर ओढावयाचा. आज घरोघरीं दिसणारी जीन्सची विजारही मूळची कष्टकऱ्यांचीच. जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा व्यापारी, या दोघांनीं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकण्याचें पेटंट १८७३ सालीं घेतलें. मजुरांचे खिसे वरचेवर उसवत, हें त्याचें कारण.

तात्पर्य, यांतील एकही वस्तु नटण्यासाठीं जन्माला आली नव्हती. ज्याला आपण पोशाख म्हणतों, तें वस्तुतः त्या माणसाचें अंगावर वागविलेलें हत्यारांचें पेटार होतें. ही एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे आपल्या घरच्या गुराख्याकडे पाहण्याची दृष्टि येते.

कोल्हापूर जिल्ह्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. पश्चिमेस गगनबावड्याकडे वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस शिरोळकडे तो जेमतेम पांचसहाशें मिलिमीटर पडतो. डोंगरांतील वाड्यांवर डंगे धनगर गाई-म्हशी पाळतात, आणि मोकळ्या माळाच्या बाजूला मेंढरांचे धनगर राहतात. चिखलांत सतत उभें राहिलें, कीं मेंढराचे खूर कुजतात. म्हणून पावसाळा जवळ आला, कीं या भागांतील पुष्कळ धनगर कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलुखाकडे सरकतात आणि पाऊस सरल्यावर परततात. घरदार तट्टावर लादलेलें, वरतीं बांधलेल्या कोंबड्या, टोपल्यांत नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, पुढें गडी, मागें बायका-मुलें आणि कुत्रीं, असा हा तांडा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे.

आतां वरून खालीं या. डोक्यावर मुंडासें. कित्येक हात लांबीचें हें कापड उन्हापासून डोकें राखतें, हें तर झालेंच. पण विहिरीला दोर नसेल तेव्हां त्याला तांब्या बांधून पाणी शेंदतां येतें. डोक्यावर ओझें घ्यावयाचें असेल तर त्याचीच चुंबळ होते. लंगडें कोंकरूं पाठीशीं बांधावयास, पाणी गाळावयास, जखम बांधावयास आणि रात्रीं उशाला, सर्वांना तेंच एक. स्टेट्सनसाहेबांच्या टोपीनें इतकीं कामें केलीं असतील, असें मला वाटत नाहीं.

हातांत काठी. ती टेकून धनगर एका पायावर तास तास उभा राहतो, आणि नजर कळपावर असते. उन्हाळ्यांत खालचा चारा संपतो, तेव्हां लांब काठीच्या टोंकाला बांधलेल्या आंकडीनें तो बाभळीची फांदी वांकवितो, आणि शेंगा व पाला मेंढरांच्या पुढें पडतो. पायांत जाड तळाचें पायताण. आज शहरांतील दुकानांत जी नाजूक कोल्हापुरी चप्पल मिळते, तिचा हा राकट वडील भाऊ. कागल तालुक्यांतील कापशी या गांवाच्या नांवानें कापशी पायताण प्रसिद्धच आहे. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेलें कातडें, आणि खिळ्याऐवजीं चामड्याच्याच वादीची शिलाई. खिळा नाहीं म्हणून तो गंजून पायांत घुसण्याची धास्ती नाहीं. बाभळीचा कांटा अशा तळाला सहसा भेदीत नाहीं.

आणि खांद्यावर घोंगडें. धनगराच्या सगळ्या वस्तूंचा हा राजा. हें कसें होतें तें थोडें सविस्तर सांगतों, कारण मुलांना ठाऊक नसतेंच, पण मोठ्यांनाही क्वचितच ठाऊक असतें. आपल्याकडील दख्खनी मेंढराची लोंकर राठ व बहुधा काळी असते. ती वर्षांतून दोन वेळां कातरतात. मग ती निवडावयाची, पिंजावयाची आणि चरख्यावर कांतावयाची, हें काम बहुधा बायकांचें. विणण्याचें काम सणगर मंडळींचें. ताणा घातल्यावर त्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके कुटून शिजविले, कीं चिकट लापशी होते. ती कुंच्यानें सुतावर चढविली म्हणजे राठ सूत ताठ व गुळगुळीत होतें आणि मागावर तुटत नाहीं. माग जमिनींतल्या खड्ड्यावर बसविलेला असतो. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसतो. जुन्या पद्धतीच्या घोंगड्याला रंग द्यावा लागत नाहीं. काळें, पांढरें, तपकिरी, जें मेंढराच्या अंगावर, तेंच माणसाच्या अंगावर.

असें घोंगडें पाऊस अडवितें कसें? मेंढराच्या लोंकरींत निसर्गतःच एक तेलकट अंश असतो, त्यामुळें थेंब वरच्यावर घसरतात. शिवाय लोंकर पुष्कळ ओल पोटांत घेते, तरी अंगाला ती ओली लागत नाहीं. उलट ओल शोषतांना ती किंचित ऊबच सोडते. घोंगड्याची एक बाजू दुमडून टोंकास गांठ मारली, कीं त्याची खोळ होते. ती डोक्यावर घेतली, कीं माणूस मस्तकापासून पोटरीपर्यंत झांकला जातो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. चिखलांत ओणवें राहून भाताची रोपें लावणाऱ्या बाईला पानांचें इरलें सोयीचें, कारण तिची पाठ आकाशाकडे असते. उभा राहणाऱ्या धनगराला खोळ सोयीची. काम बदललें, कीं पावसाचें वस्त्रही बदलतें, तें असें. परंतु पावसाची झड दिवसभर थांबली नाहीं, तर मात्र घोंगडें पाणी पिऊन जड होतें, आणि एकदां भिजलें, कीं चार-चार दिवस वाळत नाहीं.

येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. १९८० च्या सुमारास मी कागल तालुक्यांतील एका खेड्यांत नवखा मास्तर होतों. चौथीच्या वर्गांत धनगराचा एक मुलगा होता. आईबाप मेंढरें घेऊन पूर्वेकडे गेलेले, आणि हा आजीजवळ राहून शाळेंत येई. आषाढांतला दिवस. तो खोळ घेऊन वर्गांत आला. ओल्या लोंकरीचा वास खोलींत भरला, आणि पुढच्या बांकावरचीं मुलें नाकाला हात लावून हसूं लागलीं. मीं त्यांना गप्प बसविलें नाहीं. मीं त्या मुलाला सांगितलें, "तें बाहेर ठेवून ये." त्यानें तें निमूटपणें बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलें. दिवसभर त्यावर पागोळ्या गळल्या. संध्याकाळीं तो पोर तें ओझें कसेंबसें डोक्यावर घेऊन पावसांतून भिजत घरीं गेला.

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं, तिसऱ्या दिवशींही नाहीं. पांचव्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. आजी चुलीपुढें बसली होती, आणि चुलीवर दोरी बांधून तिच्यावर तें घोंगडें टाकलेलें होतें. ती रागावली नाहीं. म्हणाली, "घोंगडं वाळलं न्हाई, मास्तर. दुसरं न्हाई घरात." तें घोंगडें हीच त्याची छत्री होती, तेंच अंथरूण आणि तेंच पांघरूण. तें वाळल्याखेरीज त्याला पावसांत बाहेर पडतां येत नव्हतें, आणि रात्रीं धड झोंपही लागत नव्हती.

त्याच महिन्यांत मीं वर्गाला वाक्प्रचार शिकविले होते. 'भिजत घोंगडें पडणें, म्हणजे काम लांबणीवर पडणें.' अर्थ फळ्यावर लिहिला होता, वाक्यांत उपयोगही करून घेतला होता. शब्दाचा अर्थ त्या दिवशीं चुलीपुढें मला कळला. ज्या कोल्हापूर संस्थानांत राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें, त्याच मुलुखांत एका मुलाची शाळा माझ्या नाकानें चार दिवस बंद पाडली होती. सहाव्या दिवशीं तो आला. मीं वर्गांत, माझ्या खुर्चीमागें, भिंतींत एक मोठी खुंटी ठोकून घेतली होती. पुढें त्या खुंटीवर आणखी दोघांचीं घोंगडीं आलीं. वास येतच होता. चार दिवसांनीं तो कोणाला येईनासा झाला.

असो. पोशाखाइतकीच या लोकांची कामाची रीतही पाहण्याजोगी आहे. रात्रीं मेंढरें शेतकऱ्याच्या रिकाम्या शेतांत बसवितात. भोंवतीं वाघर म्हणजे दोरीची जाळी लावतात, आणि कुत्रीं राखणीला. एका रात्रींत शेताला लेंडीचें व मुताचें उत्तम खत मिळतें, आणि धनगराला धान्य किंवा पैसे. दोघांचें भागतें. शेंदोनशें मेंढरांतून आपलें मेंढरूं तो तोंडावरून व कानावरून ओळखतो. निघण्याची हांक वेगळी, थांबण्याची वेगळी आणि पाण्याची वेगळी. ग्युंथर सोंथायमर नांवाचा एक जर्मन पंडित (१९३४–१९९२) महाराष्ट्रांतील धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, त्यांच्या ओव्या त्यानें ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांच्या दैवतांवर ग्रंथ लिहिला. परक्या देशांतल्या माणसाला जें अभ्यासण्याजोगें वाटलें, तें आपल्या दारावरून जातांना आपण फक्त मोटारीचा भोंगा वाजवितों.

आतां शेवटचा मुद्दा. काम गेलें म्हणजे पोशाखाचें काय होतें? अमेरिकेंत याचें उत्तर मिळालेलें आहे. ग्लिडन नांवाच्या शेतकऱ्यानें १८७४ सालीं कांटेरी तारेचें पेटंट घेतलें, आणि मोकळीं कुरणें कुंपणांत गेलीं. आगगाड्या गुरांच्या दारापर्यंत आल्या, आणि १८८६–८७ च्या भयंकर हिवाळ्यांत लक्षावधि गुरें मेलीं. वीस वर्षांत तो जुना धंदा आटोपला. परंतु कौशल्य तमाशाच्या रूपानें उरलें. शायेन गांवीं १८९७ पासून मोठा रोडिओ भरत आला आहे. उधळणाऱ्या घोड्यावर एका हातानें धरून आठ सेकंद टिकावयाचें. धांवत्या वासराला दोराचा फांस टाकून बांधावयाचें, हें तर मूळचें डाग देण्याचें व औषधपाण्याचें काम. आतां त्यावर बक्षिसें लागतात, जनावरांच्या हालाबद्दल वादही होतात, आणि टोपी घालणाऱ्या पुष्कळांनीं आयुष्यांत गाय राखलेली नसते.

आपल्याकडे तसे खेळ आहेतच. बैलगाडीच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरांत महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली, आणि २०२३ सालीं संबंधित कायदा घटनापीठानें वैध ठरविला. परंतु मला अधिक आवडते ती दिवाळीच्या पाडव्याची आपल्या गवळी मंडळींची रीत. शिंगें रंगविलेल्या, कवड्यांच्या माळा व मोरपिसें ल्यालेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागें, त्याच्या हांकेसरशीं, गर्दींतून धांवत सुटतात. गंगावेशींतील कट्ट्यावर म्हशीखालचें धारोष्ण दूध पेल्यांत घेऊन उभ्या उभ्या पिणाऱ्यांना या खेळाचें मर्म सांगावयास नको. येथें खेळ अद्यापि धंद्याला धरून आहे.

मेंढपाळाची गोष्ट तितकी सुखाची नाहीं. तिकडे जें कांटेरी तारेनें केलें, तें इकडे उसानें केलें. पाणी आलें, माळ हिरवे झाले, शेतकऱ्याचें भलें झालें. पण मेंढरांना बसावयास रिकामें शेत आणि चरावयास पडीक रान उरलें नाहीं. खोळेची जागा प्लॅस्टिकच्या कागदानें घेतली. राठ लोंकरीला मोल इतकें थोडें, कीं कातरणीची मजुरीही निघत नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं ती टाकून देतात. आणि हीच लोंकर दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडारा, खारीक व खोबऱ्याबरोबर देवावर उधळली जाते. देवाला जी वाहावयाची, तिला बाजारांत गिऱ्हाईक नाहीं.

चपलेनें मात्र नांव काढलें आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०२५ सालीं इटलींतील प्राडा या कंपनीनें तिच्यासारखी चप्पल मिलान येथील प्रदर्शनांत मांडली. आरंभीं मूळ गांवाचें नांव घेतलें नाहीं, म्हणून केवढा गहजब झाला! राग योग्यच होता. पण ज्या माणसाच्या पायासाठीं हें पायताण जन्मलें, त्याचें नांव आपण तरी कितीसें घेतों? त्याच २०२५ सालीं कागल तालुक्यांतील एका मेंढपाळाचा मुलगा संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला. निकालाची बातमी आली तेव्हां तो मेंढरें राखीत होता. तें वाचून मला माझ्या भिंतींतली खुंटी आठवली.

धनगरानें जन्मभर घोंगडेंच पांघरावें, असें मी म्हणत नाहीं. हलका व स्वस्त कागद त्याला सोयीचा वाटला, तर तो त्याचा अधिकार. माझें म्हणणें इतकेंच, कीं कष्टकऱ्याच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूमागें एक 'कां' असतो, आणि तो आपण विचारला पाहिजे. विचारल्यावर हसूं येत नाहीं.

नातवाला मीं दुसऱ्या दिवशीं पलंगावरचें तें घोंगडें काढून खोळ करावयास शिकविलें. पहिल्यानें तें त्याला टोंचलें. मग तो तसाच अंगणांत जाऊन बराच वेळ उभा राहिला. नंतर आंत येऊन त्यानें विचारलें, "आबा, धनगर रात्रीं हेंच पांघरतो, तर मग अंथरतो काय?"

हा प्रश्न मीं १९८० सालीं विचारावयास हवा होता.